पाय टेकला पाहिजे

कुठलीही वस्तू बाजारातून येते ती अर्धीच तयार असते, उरलेली अर्धी ज्याची त्याने आपल्या अंगाला बसवून घ्यायची असते, असं आमचे दाजी मानत. आणि हा धर्म त्यांच्याइतक्या निष्ठेने पाळणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझं सगळं शालेय शिक्षण झालं ते पारनेरच्या बाजूला आक्का-दाजींच्या घरी राहून. त्यामुळे दाजींच्या दुरुस्त्यांचा मानकरीही मीच. माझ्या दप्तराचा पट्टा त्यांनी पहिल्याच दिवशी आखूड केला. शाळेत माझे पाय बाकावरून लोंबकळतात म्हणताच दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या देखत बाकाखाली फळी ठोकून गेले. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले असता, मुलगी बाहेर येईपर्यंत त्यांनी तिथल्या डुगडुगणाऱ्या खाटेचा पाय तासून दिला. सोयरीक काही जमली नाही, पण त्या घरची माणसं खाट मात्र पुढे कित्येक वर्षं पाव्हण्यांना कौतुकाने दाखवत.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली दाजींनी जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा या धर्माला खरं देऊळ मिळालं. दाजी ताडमाड उंच. गाडीवर बसले की गुडघे हँडलला लागत. दुसऱ्या कोणी जरा वाकडं बसून भागवून घेतलं असतं. दाजींनी लोहाराकडून पट्ट्या ठोकून घेऊन दोन्ही फूटरेस्ट वीतभर मागे सरकवले, गिअरच्या दांड्याला जोड दिला आणि तो इतका वर उचलून बसवला की त्यांच्या करकरीत वहाणेचं जाड चामडं त्याखाली अलगद जावं. ब्रेकचा नट पिळून पिळून असा जुळवला की टाच जागची न हलवता नुसता चवडा दाबला तरी गाडी थांबावी. "बिरेकसाठी पाय उचलावा लागला तर तो बिरेक न्हाई, जिना हाय," असं ते म्हणत. लोक हसले की उसळून विचारत, "बैलाच्या खांद्याला जू बसतं का न्हाई ते बघताच ना? मग मानसाच्या पायानं काय घोडं मारलंय?" या सगळ्यामुळे ती गाडी गावात दुसऱ्या कुणालाच चालवता येईना, आणि ती कुणाला उसनी द्यायचा प्रश्नही परस्पर मिटला.

पाना त्यांच्या बंडीच्या खिशात कायम असे. चहाच्या हॉटेलापुढे एखादा मोटारसायकलवाला उतरला की दाजी त्याच्या चालण्याकडे बघत आणि जवळ जाऊन हळूच विचारत, "डावी पोटरी भरून येती का वो?" तो चकित होऊन हो म्हणेपर्यंत दाजी गाडीजवळ उकिडवे बसलेले असत. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांच्या गाडीचा गिअर त्यांनी साहेब आत जेवत असताना, न विचारताच जुळवला. साहेब चिडले, ओरडले, गाडी घेऊन गेले. आठवड्याने त्यांनी शिपायाकरवी निरोप पाठवला की ब्रेकचंही बघायला या.

अशा या माणसाच्या गाडीवर त्यांची बायको मात्र कधी बसली नव्हती.

मी बी.ए.ला नगरच्या कॉलेजात पहिला आलो. त्याचं बक्षीस स्नेहसंमेलनात मिळायचं होतं, घरच्यांनाही बोलावणं होतं. आक्का तोवर आठवड्याच्या बाजारापलीकडे गेलेली नव्हती. एसटीचा नुसता वास आला तरी तिला मळमळे, आणि बैलगाडीने नगर फार लांब. तरी तिने सांगितलं, "मला भाऊला टाळ्या वाजताना बघायचंय." मोटारसायकलवर बस म्हटलं की मात्र मान हलवी. "पाय लोंबकळत्यात. पाय टेकल्याबिगर मला जिवाचा भरवसा वाटत न्हाई."

दाजींना जणू हेच ऐकायचं होतं. गाडी अंगणात स्टँडवर लावून त्यांनी आक्काला मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसवलं, सुतळीने माप घेतलं, आणि डाव्या बाजूला लोखंडी पट्ट्यांत सागाची फळी टांगली. आक्काने दोन्ही पाय टेकवले. "उंबऱ्यावर बसल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. दाजी दिग्विजयी मुद्रेने पुढे बसले, डावा पाय आपल्या मागे सरकवलेल्या फूटरेस्टवर ठेवला, आणि त्यांची टाच थेट आक्काच्या बोटांवर आली.

"आई गं! अवो, जू करताना दोन्ही बैल उभं करत्यात. तुमी माझ्या एकटीचंच माप घेतलं!"

दाजी बराच वेळ गाडीभोवती फिरले. फळी मागे नेली तर आक्काचे पाय पोचेनात. मग त्यांनी बंडीतून पाना काढला आणि स्वतःचा डावा फूटरेस्ट, गिअरचा दांडा, सगळं पुन्हा पुढे आणलं. एवढी वर्षं जुळवलेली डावी बाजू तासाभरात मोडली.

"दाजी, गुडघा हँडलला लागेल," मी म्हणालो.

"लागू द्या की पाव्हणं. गुडघा माझाच हाय."

संमेलनाच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकात उभा होतो. लांबून गाडी दिसली. दाजींचा उजवा पाय मागे, डावा गुडघा नाकतोड्यासारखा वर हँडलच्या बाहेर काढलेला. आणि मागे आक्का, इरकली नेसलेली, दोन्ही पाय फळीवर जुळवून, कशालाही न धरता ताठ बसलेली. बक्षीस घेताना मी बायकांच्या रांगांकडे पाहिलं. आक्का टाळ्या वाजवत नव्हती. ती वळूनवळून टाळ्या वाजवणारांकडेच बघत होती. दाजी तेवढ्यात आपल्या खुर्चीच्या लांड्या पायाखाली कागदाची घडी सरकवत होते.

नंतर कितीतरी वर्षं ती दोघं त्या गाडीवरून हिंडली, नगरला सावेडीत माझ्या घरीही आली. गावातली पोरं ओरडत, "दाजी, एक पाय नगरला, एक पुन्याला!" आता आक्काचे गुडघे धरलेत, तिला गाडीवर चढवत नाही. दाजी मात्र अजून सकाळी शेताकडे चक्कर मारतात, तसेच, डावा गुडघा बाहेर काढून.

परवा गावी गेलो तेव्हा मी म्हणालो, "दाजी, आता आक्का बसत नाही. फळी काढा, फूटरेस्ट मागे घ्या. या वयात तरी पायाला आराम द्या."

दाजींनी ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या आक्काकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् एखांद्या दिवशी म्हनली, चला म्हनून, तर?"