खाणीकाठचा दीड पंप

पोस्टिंग ऑर्डरवर 'गोवा' हा शब्द दिसला तेव्हा मी तो दोनदा वाचला. राजस्थानची वाळू आणि आसामचा चिखल खाल्लेल्या पेडण्याच्या माणसाला घरापासून तासाभराच्या अंतरावर पाठवायचं, एवढं औदार्य फौजेत सहसा कुणी दाखवत नाही. आई म्हणाली, "म्हळ्यार आतां दर आयतवारा जेवूंक येतलो." मी हो म्हटलं. सहा महिन्यांत दोनदा गेलो.

तेव्हा मी नायक होतो. काम डिझेल पंप आणि जनरेटर चालते ठेवायचं. माझ्यावर हवालदार बलबीरसिंग. पंजाबचा, सहा फुटी, आवाज असा की त्याला वायरलेस देणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं. आणि आम्हा सगळ्यांवर कॅप्टन रावत. गढवालच्या, वयाने आमच्यापेक्षा लहान, इंजिनिअर. यंत्र भरवशाचं कसं करायचं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता आणि तो आम्हालाही आलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

नाश्त्यानंतर शेडमध्ये क्लास व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "भरवशाचं यंत्र कोणतं?"

"मॅडम, जे एका झटक्यात सुरू होतं ते," बलबीर.

"आणि तासाभराने? चिखलात?"

बलबीर गप्प. तो गप्प बसला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ठरलेलं काम, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या वेळेपर्यंत, न थांबता. यातलं एक जरी सांगितलं नाही, तर भरवसा हा शब्द नुसता बोलण्यापुरता.

नवं यंत्र सुरुवातीला जास्त बिघडतं, मग बराच काळ शांत असतं, झिजलं की पुन्हा बिघडू लागतं, हे त्यांनी एक खोलगट रेघ काढून दाखवलं. बलबीरला ते लगेच पटलं. "रंगरूट पहिल्या महिन्यात आजारी पडतो, मग वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि पेन्शन जवळ आली की गुडघे बोलायला लागतात!" त्यानंतर गुडघा दुखला की तो फळ्याकडे बोट दाखवायचा.

मला धक्का बसला तो हिशेबाने. चार भाग ओळीने जोडले आणि प्रत्येक दहापैकी नऊ वेळा चालतो, तर सगळं मिळून दहापैकी साडेसहा वेळाच चालणार. मी बराकीत जाऊन पुन्हा मांडून पाहिलं. बरोबर होतं. उलट तसेच दोन पंप शेजारी ठेवले, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता शंभरात एक. "पण कधी?" मॅडम फळ्यावर खडू आपटून म्हणाल्या. "दोघांचं दुखणं वेगळं असेल तेव्हाच!" आम्ही माना डोलावल्या. मान डोलावण्यात फौजेचा हात कुणी धरणार नाही.

त्या वर्षी गणेश चवथीच्या तोंडावर पावसाने ठाण मांडलं. डिचोली तालुक्यात एक बंद पडलेली लोखंडाची खाण होती. खनिज काढून पडलेला तिचा खंदक काठोकाठ भरला आणि खालच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, बाजूचा मातीचा बांध पाझरू लागला. सरकारकडून बोलावणं आलं आणि आमची तुकडी दोन पंप घेऊन निघाली.

ट्रक पोहोचू शकेल अशी जागा एकच होती, पूर्वी खनिजाचे ट्रक उतरायचे तो उतार. दोन्ही पंप तिथेच लावले, दोन्ही पाइप शेजारी शेजारी पाण्यात सोडले. कॅप्टन मॅडमनी पाहिलं आणि नाक मुरडलं.

"परब, हे दोन पंप नाहीत. हा दीड पंप आहे. चिखल आटला की एक पलीकडे न्यायचा."

"यस मॅडम." चिखल काही आटला नाही.

खालच्या वाड्यात सात घरं. सगळ्यांत खाली शाबा गावस याचं. एकेकाळी खनिजाचा ट्रक चालवणारा, आता भाजी पिकवणारा माणूस. मॅडम त्याच्या दारात गेल्या आणि घर रिकामं करायला सांगितलं. मी दुभाषी.

"बाय, गणपती बसला आसा," शाबा म्हणाला. "पांच दिसांचो. तेका एकटो सोडून आमी खंय वचप?"

घरात बसवलेल्या गणपतीपुढचा दिवा विझू द्यायचा नाही आणि घर ओस टाकायचं नाही, हे मी मॅडमना समजावलं. त्यांनी बांधाकडे पाहिलं, मग घरात बघितलं. मुलं आरतीच्या टाळांसाठी भांडत होती. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आपलं काम काय, तर पाच दिवस, या चिखलात, न थांबता." मुलं आणि म्हातारे तेवढे वरच्या शाळेत हलवले. प्रत्येक घरात दोन-दोन माणसं राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, पहिल्या पंपाची धार बारीक झाली. पाठोपाठ दुसऱ्याची. इंजिनं जोरात फिरत होती आणि पाणी मात्र येत नव्हतं. मी वायरलेसवर कंट्रोलला, म्हणजे मॅडमना, कळवलं.

"कंट्रोल, पंप पार्टी. दोन्ही पंपांनी पाणी ओढणं बंद केलंय. ओव्हर."

"कारण? ओव्हर."

"गणपती विसर्जन, मॅडम. ओव्हर."

"पुन्हा सांगा. ओव्हर."

झालं होतं असं की, वरच्या वाड्याचे गणपती दीड दिवसाचे. नदीला पूर, म्हणून मंडळी घुमट, आमचं मातीचं चर्मवाद्य, वाजवत खाणीच्या उतारावर आली. आमच्याच पहारेकऱ्याने हात जोडून वाट करून दिली. मूर्ती गेल्या, निर्माल्य गेलं, गणपतीच्या डोक्यावर बांधलेली पानाफळांची माटोळी वेलींसकट गेली आणि सगळं तरंगत आमच्या पाइपांच्या तोंडाशी येऊन बसलं. दोन्ही जाळ्या गच्च. दोघांचं दुखणं एकच.

मॅडम धावत आल्या. "एक इथेच साफ करा. दुसरा पलीकडे. आत्ता."

बलबीरने कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरला. उतार शेवाळलेला, खाली खोल खंदक. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि मी घाबरलो होतो, हे लपवत नाही. तेवढ्यात शाबा वर आला. मॅडम म्हणाल्या, "आता तरी निघा."

"वचपाचें मागीर. पंप खंय व्हरूंचो, तें सांग बाय." मी ओरडून भाषांतर केलं: जायचं नंतर बघू, पंप कुठे न्यायचा ते सांगा.

वरच्या वाड्याचे लोक ओशाळले होतेच. नव्या धोतर-सदऱ्यांसकट त्यांनी पंपाला बांबू लावले आणि तो खांद्यावर घेतला. कुणीतरी घुमटावर थाप मारली. "गणपती बाप्पा मोरया!" करत ते धूड गुडघाभर लाल चिखलातून खंदकाच्या काठाकाठाने पलीकडे निघालं. अशी मिरवणूक मी जन्मात पाहिली नाही. तोवर अंधारलं होतं; मॅडम पुढे टॉर्च घेऊन, शाबा मागे शिव्या घालत.

इकडे बलबीर हाताने वेली ओढून काढत होता. एकदा घसरला, डोकं पाण्याखाली गेलं. मी आणि पहारेकऱ्याने दोर खेचला. तो वर आला, पगडीत दूर्वांची जुडी अडकलेली. "परब! तुझ्या गावचा देव फार वजनदार आहे!" म्हणाला आणि पुन्हा बुडी मारली. काही वेळाने पहिल्या पंपाने धार धरली. मग पलीकडे टॉर्चच्या उजेडात दुसऱ्याची धार दिसली आणि वायरलेसवर मॅडमचा आवाज आला.

"पंप पार्टी, कंट्रोल. आता दोन पंप झाले. ओव्हर."

आम्ही लाल मातीचे पुतळे होऊन एकमेकांना मिठ्या मारल्या. पाचव्या दिवशी खालच्या वाड्याने ओसरलेल्या नदीवर आपले गणपती वाजतगाजत पोचवले. बलबीर सर्वांत पुढे नाचत होता, गुडघ्यांची तक्रार न करता.

दोन वर्षांनी उत्तरेत रस्ता उघडणाऱ्या एका पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. हवालदार बलबीरसिंग त्या पार्टीत होता. बातमी आली तेव्हा मी शेडमध्ये होतो. तिथेच बसून रडलो.

आता मी निवृत्त आहे. दर चवथीला शाबाच्या घरी जातो. आरती झाली की सगळे उभे राहतात आणि शाबा वाड्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या सुनेची सुखरूप सुटका, एकेक मागतो. शेवटी पुन्हा हात जोडतो.

"आनी देवा म्हाराजा, आमच्या वाड्याचो बलबीरसिंग हवालदार पंजाबांत घर मागीं सोडून तुज्या पायांकडे गेला. तेच्या बायलेक आनी पोरां-भुरग्यांक सांबाळ, म्हाराजा!"

सातही घरांची माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"