रविवारचा डेमो

वर्तकनगरच्या एका इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये मी शिकवायचे. अजूनही त्या क्लासचा जिना दिसला की मी रस्ता बदलते.

भात, पाणी, साखर एक-दोन-तीन करून मोजता येत नाहीत. तिथे 'मेनी' नाही, 'मच' लागतं. आंबिवलीहून येणाऱ्या एका बाईंना हे चटकन जमलं. लोकांच्या घरी पोळ्या लाटून त्या क्लासला यायच्या. वागळे इस्टेटमधल्या एका कँटीनमध्ये सुपरवायझरची जागा होती, पण मुलाखत इंग्रजीत. 'मॅडम, ही नोकरी लागली ना, की दुसऱ्यांच्या पोळ्या सुटल्या बघा,' म्हणायच्या.

आमच्या सरांचा दर रविवारी फुकट डेमो असे. नवीन लोक जमले की सर या बाईंना पुढे उभं करत. त्यांनी मुद्दाम चुकायचं: 'हाउ मेनी राइसेस? मेनी वॉटर्स. मेनी शुगर्स.' लोक खो खो हसत. हसले की बाईंनी नमस्कार करायचा, ही सरांची सूचना. मग सर म्हणत, 'या आजच आल्यात. तीन महिन्यांनी ऐका!' पुढच्या रविवारी त्याच बाई पुन्हा 'आजच आलेल्या'. किळसवाणा प्रकार नुसता.

'अहो, त्यांची मुलाखत तोंडावर आलीये. कशाला चुकीचं घोकून घेताय?' मी सरांना विचारलं.

'मॅडम, स्टेज डेअरिंग येतं त्याने.'

डेअरिंग म्हणे! स्वतःच्या पोळीवर तूप ओढायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा. बाईंनाही मी म्हटलं, जाऊ नका. त्या म्हणाल्या, 'सर सांगतात म्हणजे चांगलंच असेल.'

मुलाखत झाल्यावर त्या थेट क्लासवर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या.

'साहेबांनी विचारलं, तांदूळ किती शिल्लक आहे ते स्टोअरमध्ये कसं विचाराल? पाठ करून गेलेले मी, मॅडम. पण तोंडातून मेनी राइसेसच गेलं.'

आतून सर आले. ऐकून म्हणाले, 'अरेरे. मग या रविवारी मोकळ्या आहात ना?'

मला शिसारी आली. त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले, क्लासची किल्ली टेबलावर आपटली आणि बाईंना घेऊन निघाले.

जिना उतरताना विचारलं, 'हसले का हो ते मुलाखतीतले साहेब?'

'हसले ना,' त्या म्हणाल्या. 'आणि मी उठून नमस्कार केला.'