दारातल्या मॅटवरचे नाव

इंदापुरात तहसील कचेरीसमोरच्या रांगेत माझा गाळा आहे. मी अर्जलेखक आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु माझ्या मजकुरात कोणा साहेबाने काना-मात्रेची चूक काढलेली नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. गाळ्याच्या एका अंगाला मी अर्ज लिहितो, दुसऱ्या अंगाला माझी पत्नी झेरॉक्स काढते.

रस्त्यावर दर खेपेस डांबराचा नवा थर चढत गेला आणि गाळा खालीच राहिला. ओढा फुगला की पाणी थेट आत. गेल्या पावसाळ्यात पाणी ओसरल्यावर दारातले काथ्याचे पायपुसणे वरून वाळलेले दिसत होते, खाली मात्र गाळाचा बुळबुळीत लेप होता. पत्नी त्याच्यासकट घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर होते तोवर मी तिला भाकरी चुरून देई आणि ती "लई बारीक चुरता तुमी" म्हणत खाई. डॉक्टरांनी बजावले होते की, पुन्हा पडल्या तर हात पूर्वीसारखा होणार नाही. सबब, पुढच्या पावसाळ्यापूर्वी दारात काय अंथरायचे, हा विषय मी स्वतःकडे घेतला.

"गोठ्यात गाईखाली टाकत्यात ती रबरी मॅट आणा की," ती म्हणाली. "माज्या भावाकडं हाय. गाय कधी घसरली न्हाय."

"मी हितं गाई बांधल्यात का?"

मी बारामती गाठली. दुकानात बादलीभर पाणी मागवले आणि एकेक नमुना त्यात बुडवून पाहिला.

"तात्या, मॅट घेताय का म्हस धुताय?" दुकानदार म्हणाला.

काथ्या फुगला. गालिचासारखी मॅट पाणी धरून बसली. शेवयांच्या गुंत्यासारखी प्लॅस्टिकची मॅट लगेच निथळली, पण ती पहिल्याच लोंढ्यात तरंगत गेली असती. अखेरीस जाड रबराची, बोट जाईल एवढ्या भोकांची मॅट पसंत केली. गाळ भोकांतून खाली बसतो, वजनामुळे ती हलत नाही, आणि उचलून पाइपाखाली धरली की स्वच्छ होते. निवड अचूक होती, असे मी आजही म्हणेन. चूक त्यानंतर झाली. पुढच्या सपाट पट्टीत पिवळ्या रबराची अक्षरे बसवून मिळतील, असे दुकानदार म्हणाला आणि मी हुद्द्यासह माझे संपूर्ण नाव लिहून दिले. दोनदा तपासूनही दिले.

मॅट अंथरली त्या दिवशी पहिले आले ते सणसरचे एक आबा. त्यांनी चपला बाहेर काढल्या, दारात थबकले, आणि धोतर सावरून चक्क मॅट ओलांडली.

"आबा, मॅटवरनं या की."

"अक्षरावर पाय? शाळंत मास्तरनं त्यापायी हाणलंय मला. आन तुमीच लिवून दारात टाकलंय व्हय!"

दिवसभर लोक लांब ढांग टाकून आत येत राहिले. माझी पत्नीदेखील, चौकटीला धरून. मी तिला रागे भरलो.

"दुसऱ्यांचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं नाव मी तोंडानं घेत न्हाय, त्याच्यावर चिखल पुसू?"

ते खरे होते. रेशनच्या दुकानातही नाव विचारले की ती कार्ड पुढे करते.

मग पाऊस झाला. पाणी आले, ओसरले. मॅट जागची हलली नाही. पण तिच्यापलीकडच्या फरशीवर गाळाची साय राहिली. दुपारी आबा राहिलेल्या अर्जासाठी पुन्हा येऊन बसले होते. पत्नी डबा घेऊन आली, चौकटीला धरून तिने ढांग टाकली, पाऊल फरशीवर सरकले आणि मनगटाने दगा दिला. मी उठलो तो खुर्ची मागे पडली. तिने कशीबशी टेबलाची कड धरली. मनगट छातीशी दाबून ती उभी राहिली.

आबांचा अर्ज अर्धा टाकून मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, दारात बसलो आणि अक्षरे उचकटू लागलो.

"अवं, ऱ्हाऊ द्या. चांगलं दिसतंय नाव."

"गप बस."

सुटणारे प्रत्येक अक्षर चिखलात पडण्याआधी ती डाव्या हाताने झेलत होती. सगळी निघाली, तेव्हा लक्षात आले की, रबरात त्याच आकाराचे खळगे राहिले आहेत आणि नाव पूर्वीइतकेच स्पष्ट वाचता येते. मी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून करवतीचे पाते आणले.

"आबा, धरा ह्ये टोक."

"आज माज्या अर्जाला मुहूर्त न्हाय," म्हणत आबांनी मॅट ताणून धरली आणि मी ती पट्टी सबंध कापून काढली. मॅट वीतभर आखूड झाली. आखीव ओळीत लिहिणारा माणूस मी. पण ती कड काही सरळ आली नाही.

पत्नी झेललेली अक्षरे टेबलावर ठेवून बाहेर गेली आणि माघारी वळली. तिने मॅटवर एक पाऊल ठेवले, मग दुसरे. सगळा भार देऊन ती उभी राहिली आणि दोन्ही तळवे सावकाश, चिखल निघून गेल्यावरही, पुसत राहिली.

"वाकडं कापलंय," ती म्हणाली आणि चौकटीला हात न लावता आत आली.