चारचौघांत नको

लघुप्रबंधाचा विषय मी निवडला नव्हता. बढतीसाठी एम.एड. करून घ्यायचं होतं, आणि आमच्या गाइड मॅडमनी यादीतला उरलेला विषय माझ्यापुढे सरकवला: मध्ययुगीन मुस्लिम विचारवंतांचे शिक्षणविचार. मी म्हटलं, "मॅडम, मी सातपूरला पाचवीला शिकवते. मला यातलं काय कळणार?" त्या म्हणाल्या, "वाचा. कळेल."

वाचलं. मराठीत थोडं मिळालं, बाकी हिंदी आणि इंग्रजी. अवघड काही नव्हतं. नऊशे वर्षांपूर्वीचा एक इराणी धर्मपंडित सांगतो की मुलाची पहिली चूक पाहिली न पाहिल्यासारखी करावी. पुन्हा केली तर एकट्याला बाजूला घेऊन समजवावं, चारचौघांत नको. शाळा सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं, नाहीतर त्याचं मन मरतं आणि ते अभ्यासातून सुटायच्या युक्त्या शोधतं. ट्युनिसमध्ये जन्मलेला एक इतिहासकार त्याच्यानंतर अडीच-तीनशे वर्षांनी आला. तो म्हणतो, धाकात वाढलेलं मूल खोटं बोलायला शिकतं, कारण खोटं हाच त्याचा आडोसा. पुढे ती सवयच होते. मी हे सगळं कार्डांवर उतरवून घेतलं आणि तिसऱ्या प्रकरणात घातलं.

मी वर्गात कधी हात उगारला नाही. ओरडतही नाही. माझी पद्धत वेगळी होती. कोणी "वही घरी राहिली" म्हणालं की मी दोन मुलींना त्याच्या घरी पाठवायची. आमची सगळी मुलं शाळेच्या आसपासच्या चाळींतली, दहा मिनिटांत वही हजर. नसली तर तेही कळायचं. आठवड्याभरात वर्ग सरळ व्हायचा. नव्या शिक्षिकांना मी ही पद्धत अभिमानाने सांगायची.

ती मुलगी दिवाळीनंतर आली. गाव पेठच्या डोंगरातलं. आईबाप दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला, ती इथे मावशीकडे. अंगाने बारीक, गणितात बरी. बोलायला लागली की मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, म्हणून फारशी बोलत नसे.

फेब्रुवारीत एका सकाळी तिने गृहपाठाची वही दाखवली नाही.

"घरी राहिली, बाई."

बोलताना तिने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला तेव्हाच कळलं. बाजूला घेऊन विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, कारण तिला खोटं बोलता येत नव्हतं. पण मी दोन मुली पाठवल्या.

त्या पळत परत आल्या. दारातूनच एकीने सांगून टाकलं, "बाई, वही आहे, पण कोरीच आहे! तिची मावशी म्हणाली, ही कधी लिहिणार? हिच्याकडे बाळ असतं आणि भांडी असतात."

दुसरी म्हणाली, "आणि बाई, वहीवर बाळाने शू केलीये."

वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कोणीतरी "खोटारडी" म्हणालं, मग सगळे तालात म्हणायला लागले. मी त्यांना गप्प केलं, पण लगेच नाही. तिला म्हणाले, "आता सगळ्यांना कळलं ना? मधल्या सुट्टीपर्यंत दाराशी उभी राहा." ती उभी राहिली. रडली नाही.

मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन ती निघून गेली आणि पुन्हा आली नाही.

त्याच आठवड्यात तिसरं प्रकरण टाइप होऊन आलं. शुद्धलेखन तपासताना "चारचौघांत नको" या वाक्याशी पेन थांबलं. अनुस्वार राहिला होता, तो दिला.

मी तिच्या मावशीकडे दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला मावशी म्हणाली, "तिकडं आईकडं गेली. इथं नको म्हणती." मार्चमध्ये एका गुरुवारी अर्धी रजा टाकून दिंडोरीची बस धरली. विचारत विचारत बाग सापडली. ती आईशेजारी खाली बसून क्रेटमधल्या घडांतले खराब मणी कात्रीने काढत होती. हात सराईत झाला होता.

"परीक्षा आली आहे," मी म्हणाले. "तुझं नाव अजून पटावर आहे. कोणी काही बोलणार नाही, मी बघते. येशील?"

तिने वर पाहिलं. थेट माझ्या डोळ्यांत.

"येते की, बाई. सोमवारी येते."

"नक्की?"

"नक्की. वही पण नवी घेतली."

मला बरं वाटलं. आई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "बाई, तुम्ही लय लांबून आल्या, म्हणून सांगते. आम्ही शनिवारी गावाला चाललो, होळीला. मग परत नाय. सामान बांधलंय. तिनंच बांधलं."

मी मागे वळून पाहिलं. ती कात्री चालवत होती. या खेपेला कान लाल झाले नव्हते.

सोमवारी हजेरी घेताना तिचं नाव वाचलं, कारण वाचावं लागतं. नंतर तिच्या गावच्या शाळेत फोन केला. तिकडच्या सरांनी सांगितलं, "नाही आली. आली तर कळवतो." त्यांचा फोन आला नाही. पटावर तिच्यापुढे मी स्वतःच "सतत गैरहजर" असं लिहिलं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसरं प्रकरण उघडलं होतं. सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "फार छान मांडलंय, बाई. या विचारांचा तुमच्या स्वतःच्या वर्गात काही उपयोग झाला का?"

गाइड मॅडम शेजारी बसल्या होत्या. माझी बढती त्या टेबलावर होती. मी परीक्षकांच्या डोळ्यांत थेट पाहिलं.

"हो सर," मी म्हणाले. "खूप झाला."