धुरात ऐकलेला आमच्या घरचा पत्रा

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी विमान चालवते. आमच्याकडे आवाज आला की त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत विमान हलत नाही. तेव्हा 'मॅडम, भास झाला असेल' असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा.

मी ठाण्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बाबा होडीवर, आई मासळी बाजारात. थंडीत खाडीवर धुकं पडलं की होड्यांना धक्का दिसायचा नाही. मग बायका धक्क्यावर उभ्या राहून पत्रा वाजवायच्या. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. आमचा — दोन जोडून, मग एक सुटा. सावकाश वाजला तर 'थांब, पाणी चढू दे'. भरभर वाजला तर 'ओहोटी लागली, सरळ ये, नाहीतर चिखलात रुतशील'. तो ठोका फक्त आई द्यायची. बाबा वारले, होडी विकली, आणि तिने पत्रा माळ्यावर टाकला तो टाकलाच.

त्या दिवशी आम्ही नागपूरहून मुंबईला येत होतो. भर दुपार, आकाश स्वच्छ, विमान भरलेलं. कॅप्टन डोंबिवलीचे, एकदम शांत माणूस. मी फर्स्ट ऑफिसर, आणि विमान माझ्या हातात. नाशिक मागे पडलं आणि... जळक्या वायरचा वास. पाठोपाठ पॅनलमागून धूर. डोळ्यांदेखत कॉकपिट भरलं. मास्क चढवले, रेडिओवर 'मेडे' हा संकटाचा इशारा दिला, स्क्रीनला नाक लावून आकडे वाचत खाली येऊ लागलो.

शहाडजवळची नदी दिसायला लागली तेव्हा धूर जरा विरळ झाला.

"बसतोय धूर," सर म्हणाले. "घाई नको. वरच दोन फेऱ्या मारू, चेकलिस्ट पुरी करू, मग उतरू."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मीही तेच म्हटलं असतं. पण तेवढ्यात माझ्या हेडसेटमध्ये... ढण-ढण... ढण. ढण-ढण... ढण. भरभर, जीव तोडून.

आमच्याच घरचा ठोका. हात मात्र जागचे हलू दिले नाहीत.

"सर, फेऱ्या नकोत. सरळ उतरू."

"का गं?"

आता काय सांगणार, कपाळ? आई पत्रा वाजवतेय म्हणून? "धूर परत वाढला तर काही म्हणजे काही दिसणार नाही. मी उतरवते, सर. ऐका माझं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "ठीक आहे. आण खाली."

पत्रा वाजतच होता. चाकं टेकली आणि थांबला.

रनवेवर विमान उभं राहतंय न राहतंय तोच पॅनलमागून असा भपकारा उठला की मला शेजारी बसलेले सर दिसेनात. स्क्रीन काळे ठिक्कर. पॅसेंजर घसरगुंडीवरून उतरले, सगळे सुखरूप. आम्ही वर फेऱ्या मारत असतो तर... हे वाक्य मी अजून पुरं करत नाही. सर एवढंच म्हणाले, "बरं झालं, हट्टी आहेस."

पुढे चौकशीत कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आमचे आवाज होते, अलार्म होते. पत्रा नव्हता.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी मी घरी गेले. आई दारातच उभी.

"पत्रा तू वाजवलास ना?" मी चपला काढायच्या आधी विचारलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे... तू पन आयकलास?"

दुपारी ती बाजारात बसलेली. धक्क्याकडून आमच्याच घरचा ठोका तिच्या कानावर आला, भरभर. गिऱ्हाईक सोडून ती धावत सुटली. बाकीच्या बायका हसल्या — "अगो, भर उन्हात कसला धुका?" धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. घरी येऊन तिने माळा बघितला. पत्रा तिथेच, धुळीत.

"तो ठोका माज्या हाताशिवाय कुनाला जमत नाय गो," आई म्हणाली. "आनि माज्या हातात तर सुरमय होती."

दोघी एकमेकींना धरून रडलो, खोटं कशाला सांगू?

धुराचं कारण इंजिनिअरना सापडलं. पत्र्याचं मला आजतागायत सापडलेलं नाही. मी ड्युटीवर परत गेले — जाणारच होते, त्यात काय! निघताना आईला म्हटलं, "तो पत्रा माळ्यावरून खाली काढून ठेव."

"काढते," ती म्हणाली. "पन त्याला माजी गरज हाय कुठं?"