तुला काय फरक पडतो

मॅडमनी माझी पिशवी उचलली आणि समोर पसरलेल्या कामाच्या साडीवरच उलटी केली. डबा पडला. भाकरीचं फडकं पडलं. कंगवा, रुमाल, पॅडचं पाकीट. सोबत काम करणाऱ्या सात मुली बघत होत्या. मॅडमचे मिस्टर दारात होते, त्यांनी पाकीट बघून मान फिरवली. शेवटी फोन पडला. छोटा, गुलाबी कव्हरचा.

फोन माझा नव्हता.

"हा तुझा ना?" मॅडमनी विचारलं.

मी तन्वीकडे बघितलं. तन्वी मॅडमची मुलगी. बारावीला, माझ्याएवढीच, सतराची. जिन्यात उभी होती, ओढणीचं टोक चावत. मॅडमनीही तिच्याकडे बघितलं. एकदाच. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. त्यांना कळलं हे मलाही कळलं. तरी त्यांनी परत मलाच विचारलं.

मी म्हटलं, "हो."

सोफ्यावर तन्वीची आत्या बसली होती, पुण्याहून आलेली. तिनेच सकाळी तन्वीला गच्चीवर चोरून फोनवर बोलताना लांबून बघितलं होतं. तन्वी पळत खाली आली आणि फोन माझ्या पिशवीत कोंबला. "प्लीज," एवढंच म्हणाली. फोनला लॉक होतं, पण वर एका मुलाचा फोटो दिसत होता. आत्या म्हणाली, तुझा आहे तर उघड. मला उघडता आला नाही. मॅडम म्हणाल्या, घाबरलीय ती.

आत्याने फोन टेबलावर ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. "यांच्यात हे चालतंच," ती म्हणाली. "आपल्या घरात नको."

मी खाली बसून डबा, पाकीट, कंगवा गोळा केला. साडीवर भाकरीचे कण पडले होते. तेही मीच वेचले.

मी हो का म्हटलं, ते सांगायला पाहिजे. आठवी सोडून मी पारोळ्याकडच्या गावाहून सुरतला आले, नवागामला मामाकडे. मामा कापडाच्या लूमवर कामाला. दोन खोल्या, सहा माणसं. मला सारखी भीती वाटायची की माझं ताट जड होतंय. तेव्हा अडाजणच्या या मॅडमनी मला कामावर घेतलं. घराच्या खालच्या हॉलमध्ये साड्यांवर खडे चिकटवायचं काम. मॅडम मराठी. मला ताप आला तेव्हा त्यांनी स्वतः डॉक्टरकडे नेलं होतं. तन्वीचे जुने ड्रेस दिले. मी 'पानी' म्हटलं की त्या 'पाणी' म्हणायला लावायच्या, सगळ्यांसमोर, तीन-तीनदा. मला तेही उपकारच वाटायचे. मी घरी जाऊन घोकायची.

आणि तन्वी मैत्रीण होती. म्हणजे मला तरी वाटायची. क्लासहून आली की माझ्याजवळ फरशीवर बसायची, खड्यांची वाटी पुढे धरायची आणि त्या गुजराती मुलाचं सांगत राहायची. त्याने आज काय लिहिलं, त्याला कसा राग येतो. मीही सांगायची. भूषणचं. भूषण आमच्याच गल्लीतला, एकोणीसचा, इच्छापोरला कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर कामाला. आम्ही बसस्टॉपवर दहा मिनिटं बोलायचो, तेवढंच. दिवाळीनंतर तो मामाशी बोलणार होता. तन्वी म्हणायची, तुझं बरंय, तुझं लपवायलाच नको. आम्ही दोघी हसायचो. दोघींचं सारखंच आहे असं मला वाटायचं.

त्या दिवशी मॅडमनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा दिला. पहिल्यांदाच घरातल्या कपात. हळू आवाजात म्हणाल्या, "तू शहाणी आहेस. तिचं अख्खं आयुष्य पडलंय समोर. तुला काय फरक पडतो?"

मी चहा प्यायले. आभारसुद्धा मानले. हे मला आजही सहन होत नाही. पिशवी उलटी केली ते होतं, मी आभार मानले ते नाही होत.

फरक संध्याकाळपर्यंत पडला. सातपैकी तीन मुली नवागामच्या. गल्लीत माझ्या आधी बातमी पोचली. मामी भांडी आदळत होती. मामा दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मॅडमकडे गेला आणि हात जोडून आला. परत येऊन मला म्हणाला, त्या मॅडमना आपलावर उपकार शेतस, पोरी, आते मान खाली घालीसन काम कर. मी खरं सांगायला गेले तर म्हणाला, मग त्या वेळी हो का म्हटलीस? भूषण बसस्टॉपवर यायचा बंद झाला. मी तीन दिवस उभी राहिले. चौथ्या दिवशी थांबले नाही.

श्रावण होता. त्या रविवारी मामाकडे कानबाई बसली. आम्हा खान्देशातल्या लोकांची ही मोठी देवी. नारळाला नथ घालून, साडी नेसवून मांडतात, रात्र जागवतात, सकाळी वाजतगाजत तापीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. मी भाची, मला ते नाहीत. पण आरास मीच केली होती.

दुपारी मॅडम आल्या. सोबत आत्या. मामाची तारांबळ उडाली, एवढी मोठी माणसं घरी आली म्हणून. मामीने शेजारून खुर्च्या आणल्या. दर्शन झालं. मग मॅडम सगळ्यांसमोर मला म्हणाल्या की आत्यांच्या मनात अजून शंका आहे. लॉक उघडलं नाही त्याची. एकदाची मिटवून टाकू.

"तुम्ही कानबाईला फार मानता ना," त्या म्हणाल्या. "हात लावून सांग, फोन तुझाच होता."

अगदी गोड आवाजात. पाणी म्हणायला लावायच्या त्याच आवाजात.

मामा म्हणाला, सांग. मामी म्हणाली, सांगी टाक व, सुटशी. मी उठले. देवीपर्यंत चार पावलं. फार थकले होते मी. वाटलं, सांगून टाकावं आणि झोपावं. हात पुढे केलासुद्धा. आणि तेव्हा लक्षात आलं, माझ्याकडून बाकी सगळं घेऊन झालंय. आता माझीच देवी माझ्या विरुद्ध साक्षीला उभी करताहेत. आणि ते काम माझ्याच हाताने करवून घ्यायचंय.

मी हात मागे घेतला.

"तो फोन मना नही शे," मी म्हटलं. दोन वर्षं घोकलेली मॅडमची मराठी त्या वेळी तोंडात आलीच नाही. "कोना शे, ते तुमले मालूम शे."

तन्वीचं नाव मी घेतलं नाही. तिच्यावर दया म्हणून नाही. तिने प्रेम केलं तो काही गुन्हा नव्हता. तिने ते माझ्या पिशवीत टाकलं तो होता, आणि त्याचा हिशेब तिने स्वतः द्यायचा.

आत्या मॅडमकडे बघत राहिली. मॅडम उठल्या. जाताना मामाला म्हणाल्या, उद्यापासून पाठवू नका. मामा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मामीने मात्र त्या दिवशी ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

आता मीही इच्छापोरला जाते, पॅकिंगला. एका सकाळी बसस्टॉपवर भूषण आला. मला त्याची चाल लांबूनच ओळखू येते. मामीने त्याला कानबाईसमोरचं सांगितलं होतं. तो माझ्याशेजारी येऊन थांबला. मग म्हणाला, "झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

"कशाबद्दल?"

"फोनचं. खरं असो, खोटं असो. मी मनात ठेवणार नाही."

चांगला मुलगा आहे. हे त्याने मोठ्या मनानेच म्हटलं. त्यामुळेच जास्त लागलं.

मी म्हटलं, "तुझी माफी परत घे. मी काही केलेलं नाही. हे पटलं तर बोल."

बस आली, तो चढला. मी मागच्या बसने गेले.

माझा त्याच्यावर जीव आहे, ते मी नाकारत नाही. पण मी जे केलंच नाही त्याची माफी त्याच्याकडूनही घेणार नाही. त्यापायी एकटं राहावं लागलं तर राहीन.