पाच घरं, दहा रेघा

आमच्या वाडीत भाताची लावणी इर्जिकीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात उतरायचं, उद्या आमच्या. पासली गावाच्या वरच्या अंगाला बावीस घरांची वाडी आहे. एका दिवशी तीन-चार घरांची लावणी काढतात, आणि ज्या घरांचा दिवस एक, त्यांची त्या दिवसापुरती चूल एक. सगळ्या हातांचं दुपारचं जेवण ती घरं मिळून रांधतात आणि मिळून वाढतात. हा नियम कुठं लिहिलेला नाही. पण मोडलेलाही मी तोवर पाहिला नव्हता.

पूर्वी चिखलणीला, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करायला, बैल असायचे. आता दोन-तीन गोठ्यांतच बैल उरलेत. म्हणून त्या वर्षी नसरापूरकडून टिलर आणायचं ठरलं. टिलरवाल्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं, सात दिवस. आठव्या दिवशी मशीन दुसऱ्या गावाला जाणार. त्यामुळे बावीस घरं सात दिवसांत बसवायची कशी, यावर देवळात रोज वाद व्हायला लागला.

मी तेव्हा पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "म्या बसवून देते. सात दिवसांत."

थोरले चुलते हसले. "कोष्टक करनार व्हय? कर बाई. कागदावर काय, कायबी बसतंय."

मला माहीत होतं की हा प्रश्न नवा नाही. पुस्तकात त्याला ग्राफ रंगवणं म्हणतात. प्रत्येक घराचा एक ठिपका काढायचा. जी दोन घरं एका दिवशी चालणार नाहीत, त्यांच्यामध्ये रेघ मारायची. वरच्या खाचरात चिखलणी चालली की गढूळ पाणी खालच्या खाचरात उतरतं, म्हणून त्या दोघांत रेघ. दोन घरांना तीच माणसं लागतात, म्हणून त्यांच्यात रेघ. मग प्रत्येक ठिपक्याला एक दिवस द्यायचा, आणि रेघेच्या दोन टोकांना एकच दिवस येऊ द्यायचा नाही. एवढंच. पण बावीस घरं आणि सात दिवस यांच्या मांडण्या मोजायला गेलं तर आकडा एकोणीस अंकी होतो.

कॉलेजात हाच विषय मी प्रोजेक्टला मागितला तेव्हा सर म्हणाले होते, "हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे अतिशय अवघड जातीचा, सिद्ध झालंय. गावाचं राहू दे. इंटरनेटवर तयार ग्राफ मिळतात, त्यांच्यावर काम कर आणि मोकळी हो." मी ऐकलं नाही. अवघड आहे हे सिद्ध झालंय ते अशा सगळ्या ग्राफांना पुरून उरणाऱ्या एका झटपट पद्धतीबद्दल. ती पद्धत कुणाला सापडलेली नाही आणि बहुधा सापडणारही नाही. पण म्हणून माझ्या वाडीचा एक ग्राफ अवघडच असेल, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. 'अवघड आहे, तुला जमायचं नाही' हे मी अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हापासून ऐकत होते. दर वेळी मी एकच विचारलं, नक्की काय अवघड आहे ते दाखवा. सरांनाही तेच विचारलं. त्यांनी वैतागून सही केली.

सुट्टी काढून मी गावी आले, देवळात सगळ्यांना बसवलं आणि वहीत रेघा लिहून घेतल्या. "कुणाचं कुणाबरोबर जमणार न्हाई?" असं एकेका घराला विचारलं. पाण्याच्या रेघा सांगितल्या, माणसांच्या सांगितल्या. प्रोग्राम साधाच लिहिला होता. ज्या घराला सगळ्यात जास्त रेघा, त्याला आधी दिवस द्यायचा. पुढं अडलं की एक पाऊल मागं येऊन दुसरा दिवस देऊन बघायचा. लॅपटॉपनं डोळ्याची पापणी लवायच्या आत सात दिवसांचं कोष्टक दिलं. मी ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं आणि देवळाच्या खांबावरही चिकटवलं.

दोन दिवस छान गेले. सहा घरं झाली.

तिसऱ्या दिवशी तीन घरं होती. एक सकाळीच उरकलं. राहिली दोन, एक गिरणीवाल्यांचं आणि एक ओढ्याकडचं. दुपारी आम्ही खाचरातून वर आलो तर दोन चुली पेटलेल्या होत्या. गिरणीवाल्या काकूंनी वडाखाली पत्रावळ्या मांडलेल्या, ओढ्याकडच्या वहिनींनी बांधाच्या पल्याड. इथं बसावं तर तिथं राग, तिथं बसावं तर इथं. माझ्या पुढची बाई हात पुसत म्हणाली, "माझं पोट दुखतंया." तिच्या मागं दहा जणांचं पोट दुखायला लागलं. जेवून येतो म्हणून जो तो आपापल्या घरी गेला, आणि एकही माणूस परत आला नाही. रोपाच्या पेंढ्या चिखलात तशाच उभ्या राहिल्या.

चूक माझी होती. प्रोग्रामची नव्हती. मी भांडणं विचारली होती ती देवळात, सगळ्यांसमोर. चारचौघांत 'आमचं त्यांच्याशी पटत नाही' असं आमच्याकडं कोण कबूल करतं? ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. या दोन घरांत बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, आणि माझ्या वहीत त्यांच्यामध्ये कोरी जागा होती.

चौथ्या दिवशी पहाटेच टिलर झाडाखाली थांबवलं आणि दिवसाचं काम सुरू व्हायच्या आत मी घरोघर गेले. या वेळी वेगळं विचारलं. फक्त बायकांना, आणि एवढंच, "गेल्या गौरीला हळदीकुंकवाला कुणाकुणाकडं गेलावता?" त्या उत्साहानं सांगत होत्या. ज्या घराचं नाव यायचं नाही, तिथं मी मनात रेघ मारत होते. ओढ्याकडच्या वहिनींनी एवढंच ऐकवलं, "आत्ता इचारतीस? खांबाला कागुद चिकटवायच्या आदी इचारायचं व्हतं."

आता पंधरा घरं उरली होती आणि तो दिवस धरून टिलरचे चार दिवस. प्रोग्राम पुन्हा चालवला. उत्तर आलं, नाही. मांडण्या शंभर कोटींच्या वर होतात, पण बहुतेक पहिल्या दोन-तीन पावलांतच मोडतात, त्यामुळे त्याला वेळ लागला नाही. एकही मांडणी चार दिवसांत बसत नव्हती. ती का बसत नाही ते मी स्वतः शोधलं. पाच घरं अशी सापडली की त्यांतल्या कुठल्याही दोघांमध्ये रेघ होती. आमचं घर, थोरल्या चुलत्यांचं, वरच्या खाचरवाल्यांचं, ओढ्याकडचं आणि गिरणीवाल्यांचं. पाच घरांना पाच वेगळे दिवस हवेत. चार दिवसांत ती कशी बसणार?

टिलरवाला बिड्या ओढत बसला होता. देवळात सगळे जमले. मी म्हणाले, "चार दिवसांत होनार न्हाई. पाच लागतील."

चुलते उठूनच उभे राहिले. "पंधरा घरं. टिलर दिवसाला चार काढतंय. चार चोक सोळा. हिशेब सरळ हाय. तुला जमंना म्हून आमी एक दिस घालवायचा? सात दिसांचं बोलली व्हतीस न्हवं?"

"बोलले होते. चुकले. तेव्हा रेघा कमी होत्या. पण आता मला जमत नाही असं नाही, नाना. कुणालाच जमणार नाही."

"लई मोठी झाली. कुनालाच जमनार न्हाई म्हनं."

या वाक्यावर मला गप्प बसायचं नव्हतं. मला जमलं नाही आणि होऊच शकत नाही, या दोन गोष्टींतला फरक शिकायला मी पाच वर्षं एसटीनं पुण्याला जात होते. मी देवळाच्या फरशीवर पाच सुपाऱ्या ठेवल्या आणि खडूनं जोड्या जोडत गेले. दहा रेघा. पाण्याच्या पाच सांगितल्या, माना हलल्या. माणसांच्या तीन सांगितल्या, त्याही पटल्या. मग मी थांबले. ओढ्याकडचं आणि गिरणीवाले ही नववी. तिच्याबद्दल आता कुणी विचारायचं कारण नव्हतं, काल दोन चुली सगळ्यांनी पाहिल्या होत्या. राहिली दहावी.

"ह्यी कशाची?" चुलत्यांनी विचारलं.

"तुमची आन् गिरणीवाल्यांची."

गिरणीवाले खांबाला टेकून बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी म्हणाले, "एवढी एक रेघ पुसली तर चार दिवसांत बसतंय. तेही तपासलंय. तुमी दोघं एका दिवशी घ्या, एका चुलीवर जेवण करा, पंधराच्या पंधरा घरं होतील. हिशेब सरळ हाय."

चुलते म्हणाले, "त्यांच्या चुलीवरचं? जित्तेपनी न्हाई."

"मग पाच."

ते खाली बसले. टिलर आणखी एक दिवस मिळेना, टिलरवाल्यानं मालकाला विचारून पाहिलं. म्हणजे पाचांतलं एक घर टिलरशिवाय राहणार होतं, आणि ते कुठलं हे कुणी बोलायला तयार नव्हतं. तेव्हा बायकांतून आमची आई म्हणाली, "आमचं ऱ्हाऊ द्या. बैलांवर करू. पोरगीनं पाच सांगितल्यात, पाचच." तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

मी प्रोजेक्टमध्ये ह्या दहा रेघांचं चित्र घातलं. सरांनी त्याला किती गुण दिले ते इथं सांगत नाही, पास झाले एवढं पुरे.

चौदा घरं चार दिवसांत झाली, कुठंही दोन चुली पेटल्या नाहीत. पाचव्या दिवशी आमच्या खाचरात बैल आले ते थोरल्या चुलत्यांचेच, आणि औत धरायला ते स्वतः. दिवस कलता शेवटचं खाचर लावून झालं, तेव्हा ते पाटाच्या पाण्यात पाय धूत बसले.

"जरा डोकं लावलं आसतंस," ते म्हणाले, "तर चारात झालं आसतं."

"न्हाई झालं आसतं, नाना."

"लई बोलतीस."

"व्हय," मी म्हणाले, आणि बैल सोडायला गेले.